चार फेऱ्यांचं भाडं

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर; खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. सोयरीक असो, पीक असो की पाणी, पहिला प्रश्न येतो, घाटावरचं की घाटाखालचं? मी घाटावरची, मेहकरकडची. पुण्यात बागा आखण्याचं काम करते. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून आता घरी असतात. त्यांचं बोलणं वऱ्हाडी, पण वाक्याच्या शेवटी प्रश्न टाकायची मास्तरकीची सवय अजून गेलेली नाही.

मागच्या वैशाखात एका लग्नासाठी गावी आले, तेव्हा माझ्या पिशवीत एक नकाशा होता. आपल्या जिल्ह्यात सर्वांना मोफत पाहता येईल असं वृक्षोद्यान हवं, हे माझं जुनं स्वप्न. कुठल्या तरी गावची ई-क्लासची, म्हणजे सरकारी, पडीक जमीन मिळावी, तिथं दोनशे जातींची देशी झाडं लावावीत, प्रत्येकाला नावाची पाटी असावी आणि बारा महिने काही ना काही फुललेलं असावं. मोठेबाबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि परत गुंडाळला. म्हणाले, "पहाटे पाचले निघू. तुले एक बाग दाखवतो. कोनी लावली नाई, कोनी पानी घालत नाई."

ते मला लोणारच्या विवरावर घेऊन गेले. त्या वर्षात आम्ही तिथं चारदा गेलो. चारही वेळा वाद झाला. तो जसा झाला तसा इथं मांडते आहे, कारण प्रश्न आमच्या दोघांपुरता नाही असं मला वाटतं.

वैशाख

काठावर पोचलो तेव्हा ऊन अजून तिरपं होतं. काळ्या पाषाणात कोरलेली सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीची परात, आणि काठापासून जवळजवळ दीडशे मीटर खाली पांढऱ्या किनारीचं तळं. उतारावरचा साग पार उघडा पडलेला. सगळं खाकी आणि राखाडी.

मी : मोठेबाबा, तुम्ही बाग म्हणालात. इथं तर सागाला एक पान नाही.

मोठेबाबा : म्हनून तं आता आनलं. पावसात सगळीच हिरवी दिसतात. आता पाय, कोनाची साल कशी, कोनाची फांदी कुठून फुटते. पानं नसली की झाड लपत नाई.

मी : हे तुम्हाला दिसतं. पण मे महिन्यात पहिल्यांदा आलेला माणूस खाली एक नजर टाकेल, फोटो काढेल आणि निघून जाईल. म्हणून आम्ही बाग आखताना महिन्यांचा हिशोब धरतो. फाल्गुनात पळस आणि पांगारा, वैशाखात बहावा, पाऊस लागताना कुडा, भादव्यात तरवड. कुणी कधीही आला तरी रिकामा परत जायला नको.

मोठेबाबा : बहावा तं येताना रस्त्याले पाह्यला ना तू? पिवळे झुंबर लागले व्हते. त्याले कोनी हिशोब सांगतला? आन् झाडानं उन्हाळ्यात पान टाकलं तं ते रिकामं झालं का? पानी वाचवते ते. सागाचं येवढं मोठं पान, ठेवलं असतं तं वैशाखात मेलं असतं. हा धडा तुह्या फुलांच्या बागेत कोन शिकवन?

मी : शिकवता येईल, पण आधी माणूस थांबला पाहिजे. अमेरिकेत बॉस्टनला अरनॉल्ड आर्बोरेटम म्हणून वृक्षोद्यान आहे. १८७२ साली हार्वर्ड विद्यापीठानं सुरू केलं. आजही रोज उघडं असतं आणि प्रवेशाला पैसा लागत नाही. ते का टिकलं माहीत आहे? १८८२ मध्ये विद्यापीठानं आणि शहरानं करार केला. जमीन शहराची, ती विद्यापीठानं भाड्यानं घ्यायची. रस्ते आणि पहारा शहराकडे, झाडं विद्यापीठाकडे. मुदत हजार वर्षं, भाडं वर्षाला एक डॉलर.

मोठेबाबा : हजार वर्सं? या खड्ड्याचं वय आधी बावन्न हजार म्हनत. मंग नंतरच्या अभ्यासात पाच लाख सत्तर हजाराच्या आसपास निघालं. याले भाडेपट्टा लिहून देनारा कोन व्हता?

मी : वयाचं नाही हो म्हणत. जबाबदारीचं म्हणते आहे. मोफत गोष्ट कुणाची तरी असावी लागते. तिथं कोण काय करणार हे लिहून ठेवलं होतं, म्हणून दीडशे वर्षांनीही लोक हिंडतात.

ते उत्तर न देता पायवाटेला लागले. उतरताना मी पायाखाली बघत होते, ते झाडांकडे. अर्ध्या उतारावर ते थांबले.

मोठेबाबा : वरून इथवर कोनतं झाड जास्त दिसलं?

मी : साग.

मोठेबाबा : आता?

मी : चिंच, कडुनिंब.

मोठेबाबा : आन् खाली तळ्याच्या अंगाले?

मी : बाभूळ. आणि त्याच्याही पुढं काहीच नाही. नुसता पांढरा चिखल.

मोठेबाबा : काऊन?

मला शाळेतल्यासारखं उत्तर द्यावं लागलं. या तळ्यात पाणी येतं ते झऱ्यांचं आणि पावसाचं, बाहेर जायला मात्र वाट नाही. जातं ते फक्त उन्हानं. त्यामुळे खार मागं राहतो, साचत जातो. पाणी नुसतं खारट नाही, साबणासारखं अल्कधर्मीही आहे. जसजसं खाली उतरावं तसतशी माती खारट होत जाते आणि ज्या झाडाला जेवढा खार सोसतो तेवढंच ते पुढं जातं. बाभळीला जास्त सोसतो म्हणून ती शेवटच्या रांगेत.

मोठेबाबा : पाठ झालं! आता सांग, तुह्या बागेत बाभळीची जागा कोन ठरवते?

मी : मी.

मोठेबाबा : इथं खारानं ठरवली. तुह्या पाटीवर झाडाचं नाव असन. ते झाड तिथंच काऊन, हे पाटीवर लिहिता येईन, पण पाटी उपटून दुसऱ्या झाडाले लावली तरी कोनाले कळनार नाई. इथं झाडाची जागा हीच त्याची पाटी हाय.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. परत चढताना मी प्रत्येक वळणावर थांबून मागं पाहत होते. खाकी दिसणाऱ्या उतारात आता मला तीन पट्टे वेगळे दिसत होते.

श्रावण

दोन आठवडे झड लागली होती. काठावर आलो तर मे महिन्यातली परात ओळखू येईना. साग पानांनी भरून वर दुधाळ फुलोऱ्याचे तुरे. धारेच्या देवळापाशी गोमुखातून पाणी पडत होतं आणि श्रावणातली माणसं ओल्या अंगानं रांगेत उभी होती. ही धार उन्हाळ्यातही आटत नाही. खाली खारं तळं, वर गोडं पाणी. 'आईन-इ-अकबरी'तसुद्धा या जागेची नोंद आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो म्हणून. म्हणजे अकबराच्या काळातही लोकांना या खाराचा उपयोग ठाऊक होता.

मोठेबाबा : आता बोल. कोन्या माळ्यानं येवढं हिरवं केलं?

मी : हिरवं सगळं सारखं नसतं, हे तुम्हीच वैशाखात शिकवलंत. तिकडे बघा, तळ्याच्या कडेला. बारीक पानांची, अंगावर आल्यासारखी दाट काटेरी झुडपं. ती काय आहे?

मोठेबाबा : वेडी बाभूळ.

मी : कुठली?

मोठेबाबा : अमेरिकेतली. इंग्रजांच्या काळात आनली. पडीक जमिनीले हिरवी करते, सरपन देते म्हनून.

मी : आणि आता? शेळी शेंग खाते, लेंडीतून बी पसरतं. तोडली तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात. मुळासकट काढली तरच जाते. तिच्याखाली दुसरं रोप धड उगवत नाही. या विवरात ती इतकी माजली की वन विभागाला ती काढायची मोहीम हाती घ्यावी लागली. मोठेबाबा, तुमच्या बागेला माळी नाही याचा तुम्हाला अभिमान आहे. माळी नसला की काय होतं ते हे.

ते बराच वेळ गप्प राहिले. खालून मोराचा आवाज आला. मला वाटलं, आज मी जिंकले.

मोठेबाबा : तू म्हनतं ते खरं हाय. याले माणूस लागन. पन एक सांग. चिंच कुठची?

मी : आफ्रिकेतली. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं म्हणून नाव आपलं वाटतं.

मोठेबाबा : आन् सीताफळ? सीतेचं नाव लावलं तेले.

मी : तेही अमेरिकेतलं.

मोठेबाबा : मंग त्यायले काऊन नाई काढत? तुह्या नकाशावर लिहिलं हाय, फक्त देशी झाडं. म्हनजे तुह्या बागेत चिंच नसन? वऱ्हाडात चिंचेबिगर बाग?

मला थांबावं लागलं. नकाशात मी खरोखरच चिंच घेतली नव्हती. 'देशी' हा शब्द आमच्या धंद्यात आता फार चालतो आणि मी तो न तपासता वापरला होता.

मी : मग फरक जन्मगावाचा नाही, वागण्याचा आहे. चिंच शतकानुशतकं इथं राहिली, पण तिनं बाभळीची जागा बळकावली नाही. सीताफळ उतारावर आपापलं उगवतं, कडुनिंबाच्या मुळावर उठत नाही. वेडी बाभूळ दुसऱ्याला राहूच देत नाही.

मोठेबाबा : आता कशी बोलली! कोन कुठून आला ते इचारू नको, शेजाऱ्याले जगू देते का ते इचार.

मी : पण हे विचारायला कुणीतरी दरवर्षी इथं येऊन बघितलं पाहिजे ना? एकदा काढून भागत नाही. जमिनीत पडलेलं बी पुढच्या पावसात पुन्हा उगवतं. २०२० मध्ये या तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळा देश इकडे बघायला लागला. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं निघालं. रंग ओसरला, लोकही विसरले. जागेवर नजर हवी ती बातमीपुरती नाही, बारमाही हवी.

मोठेबाबा : बारमाही नजर, हे पटलं. पन नजर आन् कुंपन एक नाई. तू दोन्ही एकाच नकाशात काढले.

त्या संध्याकाळी मेहकरला परतल्यावर मी नकाशावरचं कुंपण खोडलं नाही. पण चिंचेसाठी जागा केली.

आश्विन

नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजा देवीला यात्रा असते. एरवी सुनसान असलेल्या वाटेवर पहाटेपासून बायाबापड्यांची रीघ. कुणी अनवाणी, कुणी कडेवर पोर घेऊन. काठावर एक म्हातारी टोपल्यात सीताफळं घेऊन बसली होती. मोठेबाबांनी तिच्याकडून चार घेतली. फळाचे डोळे उघडले होते आणि फटीतून मलईसारखा पांढरा गर दिसत होता.

मोठेबाबा : पाय. हे झालं मोफत उद्यान. शेकडो वर्सं लोक उतरतात. कोनी तिकीट लावलं नाई, कोनी वेळ सांगतली नाई. देवी पाह्यतात, झाडं पाह्यतात, घरी जातात.

मी : कोण उतरतं ते नीट बघा ना. ज्यांचे गुडघे धड आहेत ते. ती बघा आजी, लेक खाली गेली आणि ती वरच बसली आहे. यात्रेत बाई एकटी खाली जाऊ शकते, कारण गर्दी आहे. एरवीच्या दिवशी दुपारी मी एकटी उतरेन का? तुम्ही सोबत नसता तर मी वैशाखात उतरलेच नसते. पांगळं मूल उतरेल? डोळ्यांनी अधू असलेला माणूस? मोठेबाबा, तिकीट नाही म्हणजे मोफत असं मी मानत नाही. पैसे लागत नाहीत, पण चांगले गुडघे लागतात, सोबत लागते आणि झाडं ओळखणारा मास्तर लागतो. हे तिन्ही ज्याच्याकडे नाहीत त्याला ही बाग बंदच आहे.

मोठेबाबा : तुह्यं म्हननं, उतारावर सिमेंटचा रस्ता करायचा?

मी : मुळीच नाही. उतार जसा आहे तसा राहू दे. पण वर काठाला सपाट वाट असावी. दर थोड्या अंतरावर सावलीत बसायला दगडी ओटा. आणि तिथं पाटी, की खाली दिसतात ते तीन पट्टे कसले. शेगावला आनंदसागर उद्यान झालं, ते कुठं? खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, जमीन चिकट काळी. तरी तळं खोदून, झाडं लावून, सेवेकऱ्यांच्या हातांनी ते उभं राहिलं. तुम्हीच मला लहानपणी तिथं खांद्यावर बसवून हिंडवलंत. घाटाखाली हे जमतं, तर घाटावर चार ओटे जमणार नाहीत?

मोठेबाबा : ओटे कर. पाट्या कमी कर. झाडाले खिळे ठोकतात, मंग ते वाढलं की खिळा आत रुतते.

मी : खिळा नाही हो. चांगल्या उद्यानात पाटी सैल स्प्रिंगवर लटकवतात. खोड जाड होईल तशी ती ताणते, सालीला इजा होत नाही.

मोठेबाबा : बरं. तरी पाटीवर काय लिहिशीन? पळस. लॅटिन नाव. कुळ. मंग?

त्यांनी सीताफळवाल्या म्हातारीकडे पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या पळसाकडे बोट दाखवून विचारलं, "माय, हे काय झाड हाय?" तिनं आधी आमच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मग सांगत गेली. पानाच्या पत्रावळी आणि द्रोण. मुळं ठेचून काढलेल्या वाखाची दावी. फुलं पाण्यात उकळून होळीचा रंग. डिंक निघतो तो कमरकस, तो बाळंतिणीच्या लाडवात. बी पोटातल्या जंतांवर, पण बेतानं. शेवटी म्हणाली, "आता पत्रावळी कोन लावते? प्लास्टिकच्या आल्या."

मोठेबाबा : येवढं मावन का तुह्या पाटीवर?

मी : मावेल. मावलंच पाहिजे. मोठेबाबा, तुम्हाला वाटतं म्हातारी आहे म्हणून पाटी नको. मला वाटतं म्हातारी आहे तोवरच पाटी लिहून घेतली पाहिजे. आता तिनंच सांगितलं, पत्रावळी लावणारं कुणी उरलं नाही. तिच्या नातीला पळस म्हणजे फक्त लाल फुलं. वीस वर्षांनी कुणाला विचाराल?

मोठेबाबा : हं.

मी : नुसतं हं नको.

मोठेबाबा : इचार करून राह्यलो. तू म्हनतं तसं लिहून घे. पन लिहिलं म्हनजे झालं असं समजू नको. पाटी वाचून माणूस पुढं जाते. म्हातारीले इचारलं तं तिच्यापाशी बसा लागते. मले भीती तेवढ्याची हाय. पाट्या झाल्या की कोनी कोनाले इचारनार नाई.

मी : आणि मला भीती याची की पाट्या नसल्या तर विचारायचं काय, हेच कुणाला कळणार नाही.

दोघंही काही वेळ सीताफळ खात बसलो. बिया मोठेबाबांनी रुमालात बांधून घेतल्या. इथं टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "इथं काय उगवावं ते मी ठरवनार नाई. घरच्या बांधावर लावीन." मला वाटलं, वेड्या बाभळीचा वाद त्यांच्या मनात अजून चालू आहे.

माघ

माघाच्या शेवटी पुन्हा आले. मेहकरच्या रस्त्याला पळस पेटायला लागला होता, काटेसावरीवर मैनांचा कल्ला होता. विवरातला साग पानं टाकत होता. एकेक मोठं पान खालच्या पाचोळ्यावर पडताना कागद फाटल्यासारखा आवाज यायचा.

मोठेबाबांनी काठावरच्या दगडावर बसकण मारली. काठी शेजारी ठेवली. मी वाट पाहत उभी राहिले.

मोठेबाबा : तू जा. मले नाई जमत आता. दिवाळीपासून गुडघा धरला.

मला काय बोलावं कळेना. आश्विनात मी ज्या आजीकडे बोट दाखवलं होतं, ती बसली होती त्याच जागी ते बसले होते.

मोठेबाबा : पाहाले लागली काय? तू बरोबर व्हती. ओटा पायजे इथं. पाठ टेकाले जागा पायजे. सावलीबी पायजे, दहा वाजता ऊन लागते. लिहून घे.

मी : लिहिलं. अजून?

मोठेबाबा : पाटीबी लिही. तीन पट्ट्यांची. पन तिच्यावर उत्तर देऊ नको, प्रश्न दे. 'खाली तीन रंग दिसतात का? कोनता कुठं संपते?' येवढंच. उत्तर ज्यानं त्यानं शोधावं.

मी : आणि ज्याला खाली जाता येत नाही त्यानं?

मोठेबाबा : त्यानं खाली जानाऱ्याले इचारावं. जसं मी आता तुले इचारनार.

मी : मोठेबाबा, त्या बॉस्टनच्या भाड्याचं तुम्ही विचारलं होतं, या खड्ड्याचा भाडेपट्टा कुणाच्या नावावर म्हणून. मी वर्षभर विचार करते आहे. जमीन सरकारची, तळं देवीचं, झाडं अभयारण्याची. आपल्या नावावर काही नाही. पण एक डॉलरचं भाडं खरं तर रकमेसाठी नव्हतंच. दरवर्षी ते द्यायचं, म्हणजे दरवर्षी आठवण ठेवायची की हे आपल्याकडे सांभाळायला दिलं आहे.

मोठेबाबा : मंग आपलं भाडं किती?

मी : चार फेरे. वैशाखात एक, श्रावणात एक, आश्विनात एक, माघात एक. जो येतो त्याला वेडी बाभूळ वाढलेली दिसते. जो वर्षातून एकदा फोटोला येतो त्याला नाही दिसत.

मोठेबाबा : माह्ये यंदाचे चार झाले का? हा चौथा धरशीन का?

मी : काठापर्यंतच आलात, तरी धरते.

मी उतरले. एकटीनं, दिवसाउजेडी, हातात फोन घेऊन. दोन वळणं गेल्यावर त्यांचा फोन आला.

मोठेबाबा : कुठं हाय?

मी : साग संपत आला. एक झाड आहे, ओळखू येत नाही. पान एकही नाही. फोटो पाठवू?

मोठेबाबा : फोटो नको. सांग. साल कशी?

मी : राखाडी. जाडसर.

मोठेबाबा : कागदासारखे पापुद्रे निघतात?

मी : नाही.

मोठेबाबा : मंग सालई नाई. हात लाव. काय लागते?

मी हात लावला. वर्षभरापूर्वी मी झाडाला हात न लावता त्याचं नाव सांगत होते, नकाशावर.

मी : खवल्यासारखे लहान तुकडे लागतात. फांद्यांची टोकं बोथट आहेत, बोटासारखी जाड. मोई असेल?

मोठेबाबा : असन. मोई पान नसताना फुलते, या दिवसात. टोकाले फुलांचे बारीक झुबके दिसतात?

मी मान वर करून पाहिलं. आभाळ पांढरं होतं, फांद्या उंच होत्या, डोळ्यांत ऊन येत होतं.

मी : काहीतरी आहे. फूल आहे की वाळकी काडी, ते कळत नाही.

मोठेबाबा : मंग आता मोई म्हनू नको. वहीत लिही, कोनत्या वळनावर, कोन्या अंगाले. श्रावणात पान येईन, तेव्हा पाय आन् मले सांगजो.

मी वहीत वळण लिहिलं. झाडाच्या नावाची जागा कोरी सोडली.